भिंतीवर टॅब लावताय? आधी कालनिर्णय कुठे जाणार ते ठरवा

गेल्या दीड वर्षात आमच्या हॉलच्या भिंतीवर तीन टॅब चढले आणि त्यातले दोन उतरले, तेव्हा आता थोडं अधिकाराने लिहायला हरकत नाही. खूप जण विचारतात की घरातले लाइट-पंखे चालवायला भिंतीवर लावायचा टॅब कुठला घेऊ, आणि उत्तरं येतात ती सगळी रॅम किती, प्रोसेसर कुठला अशी. मीपण तेच बघून घेतला होता पहिल्यांदा. चुकलं.

आमच्याकडे होम असिस्टंट आहे, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर, टीव्हीच्या मागे धूळ खात चालू असतं. हॉल आणि बेडरूमचे लाइट, दोन बीएलडीसी पंखे, गीझर, दाराची बेल, वरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी, असं सगळं मिळून वीस-बावीस गोष्टी. माझ्या आणि बायकोच्या मोबाइलवर अॅप आहे, आम्हाला टॅबची काडीचीही गरज नाही. पण आईचा फोन कायम आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला, मुलीला फोन दिलेला नाही, आणि कामाच्या मावशी रोज सकाळी ‘दादा, पंखा कुठून लावायचा’ म्हणून हाक मारणार. म्हणजे टॅब आपल्यासाठी नसतोच, ज्याच्या हातात फोन नाही त्याच्यासाठी असतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पहिला टॅब घरातलाच, कपाटात पडलेला जुना. कंपनीचं नाव घेत नाही कारण त्याच्या वयाला कुणाचंही तेच झालं असतं. अँड्रॉइड ६. आता गंमत अशी आहे की होम असिस्टंटचा डॅशबोर्ड, ते बटणांचं पान, म्हणजे शेवटी एक वेबपेजच, आणि क्रोमचे अपडेट जुन्या अँड्रॉइडवर थांबलेले असतात. अँड्रॉइड ६ वर क्रोम १०६ ला थांबलं, ७ वर ११९ ला. त्यामुळे माझ्याकडे आधी पांढरी पाटी दिसायची, मग आठ-दहा सेकंदांनी बटणं उगवायची, तोपर्यंत आई अंधारातच खुर्चीत बसलेली असायची. जुन्या आयपॅडची पण हीच गत, पहिला आयपॅड एअर आणि मिनी २ आयओएस १२ च्या पुढे गेलेच नाहीत. तेव्हा ‘घरात पडलाय तोच लावू’ म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या ब्राउझरमध्ये डॅशबोर्ड उघडून बघा आणि मनात दहापर्यंत मोजा.

पण तो उतरवायचं खरं कारण वेगळंच. चोवीस तास चार्जरला लावलेला होता. चौथ्या महिन्यात मला वाटलं फ्रेम वाकडी झालीय, म्हणून सरळ करायला गेलो तर मागचं झाकण एका बाजूने उघडलेलं आणि आतली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. हात लावायची भीती वाटली, खरं सांगतो. बाल्कनीत एका कुंडीत वाळूवर ठेवला रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी ई-कचऱ्यात दिला. लिथियमची बॅटरी सतत शंभर टक्क्यांवर, वर मे महिन्याची गरम भिंत, फुगणारच. म्हणून आता माझी पहिली अट ही की चार्जिंग अर्ध्यात थांबवता आलं पाहिजे. सॅमसंगच्या बऱ्याच टॅबमध्ये सेटिंगमध्येच बॅटरी वाचवायचा पर्याय असतो, व्हर्जनप्रमाणे ८५ नाहीतर ८० टक्क्यांवर थांबतो. ज्याच्यात नाही त्याला स्मार्ट प्लग लावा, म्हणजे होम असिस्टंटला चालू-बंद करता येतो तो प्लग, ३० टक्क्यांना चालू ७५ ला बंद. मी हे केलं होतं आणि त्यातही एकदा फजिती झाली, होम असिस्टंट अपडेट करून रीस्टार्ट केलं, तेवढ्यात बॅटरीचा आकडा यायचा बंद झाला, प्लगला कोणी ‘चालू हो’ म्हणालंच नाही आणि रविवारी सकाळी टॅब ठार. त्यामुळे आकडा मिळत नसेल तर प्लग चालूच राहावा असं ऑटोमेशनमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या नियमात, आधीच लिहून ठेवा.

दुसरा टॅब सेलमध्ये घेतला, दहा इंची, स्वस्त, नाव कधी ऐकलं नव्हतं अशा कंपनीचा. हातात धरून बघितला तेव्हा झकास होता. भिंतीवर लावला माझ्या डोळ्यांच्या उंचीला. आमची आई चार फूट दहा इंच, ती खालून वर बघते, आणि खालून बघितलं की त्या स्क्रीनचे रंग उलटेपालटे व्हायचे, पिवळं बटण आणि राखाडी बटण एकसारखंच दिसायचं, म्हणजे लाइट चालू आहे का बंद ते कळायचंच नाही. आई म्हणाली, ‘अरे हे सगळं काळंच आहे की.’ मला वाटलं चष्मा नाहीये म्हणून. मग गुडघ्यावर बसून बघितलं तेव्हा ट्यूब पेटली. दुकानात टॅब घ्याल तर समोरून बघू नका, टेबलावर उभा करून खाली वाकून, डावीकडून, उजवीकडून बघा. आयपीएस प्रकारची स्क्रीन असेल तर हा त्रास सहसा होत नाही. आणि अॅमोलेडच्या मोहात पडू नका, डॅशबोर्ड एकाच जागी दिवसभर दिसत राहतो, त्याचे डाग कायमचे बसतात. साधा एलसीडी बरा.

आकाराचं म्हणाल तर दहा इंच आमच्या हॉलला जास्त झाला. सात इंचात आईचं बोट शेजारच्या बटणावर पडतं. आठ-नऊ इंच बरोबर.

तिसरा आणि आता टिकलेला म्हणजे सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९, ८.७ इंची, वायफायवाला, ४ जीबी रॅमचा. मला सेलमध्ये साडेदहा हजारांच्या आसपास पडला. रिझोल्यूशन १३४० बाय ८००, म्हणजे सिनेमा बघायला कोणी घेऊ नये, पण चार मोठ्या बटणांना काय करायचंय. डॅशबोर्ड लगेच उघडतो. वरती फुली किओस्क ब्राउझर नावाचं अॅप टाकलंय, त्यात पान फुल स्क्रीन राहतं, मुलीला यूट्यूबवर पळता येत नाही, आणि होम असिस्टंटमधून स्क्रीन चालू-बंद करता येते. कामाच्या गोष्टींसाठी लायसन्स लागतं, एका टॅबला एक, एकदाच पैसे भरायचे, महिन्याचं काही नाही. द्या ते पैसे, खूप डोकं वाचतं.

फुलीमध्ये एक सोय आहे, पुढच्या कॅमेऱ्याने हालचाल ओळखून स्क्रीन जागी होते. दिवसा भारी वाटतं, तुम्ही जवळ जाता आणि ते उजळतं. पण रात्री अडीचला पाणी प्यायला उठलेल्या माणसाला अंधारात कॅमेरा ओळखणार कसा? आणि नेमकं तेव्हाच तर लाइट हवा असतो. शेवटी पॅसेजमध्ये एक छोटा मोशन सेन्सर चिकटवला आणि त्याच्यावरून स्क्रीन चालू करतो, ब्राइटनेस रात्री अगदी कमी. आता आई बेडरूमच्या दारातून बाहेर पडेपर्यंत टॅब तयार असतो. माझ्या मते टॅबची परीक्षा हीच, माणूस पोचायच्या आधी तो जागा आहे की नाही.

वायरचं कोणी सांगत नाही ते सांगतो. आमच्याकडे भिंत फोडायला बायकोची परवानगी नव्हती, म्हणून बोर्डापासून टॅबपर्यंत तीन मीटरची बारीक यूएसबी केबल केसिंग पट्टीतून आणली. टॅबवर ‘चार्जिंग’ लिहून यायचं आणि टक्के मात्र खाली खाली. लांब बारीक केबलमध्ये व्होल्टेज वाटेतच गळतो. जाड केबल घेतली, लांबी निम्मी केली, प्रश्न मिटला. नवीन घराचं काम चालू असेल तर टॅबच्या मागेच एक दोन मोड्यूलचा बॉक्स सोडून ठेवा, मोड्यूलर यूएसबी चार्जर मिळतात ते बसवा, केबल वीतभर. आणि दुहेरी टेपवर विसंबू नका, पावसाळ्यात डिस्टेंपरसकट सुटून येते. गिट्टी ठोका, स्क्रू मारा.

टॅबच नको असेल तर दुसरे प्रकारही आहेत. सोनॉफ कंपनीचा एनएसपॅनल स्विचच्या जागी बसतो, साडेतीन इंची स्क्रीन, आत लाइट चालू-बंद करणारे दोन रिले आणि ईएसपी३२ चिप, त्यामुळे हौशी लोक त्यात स्वतःचं सॉफ्टवेअर भरतात. एका मित्राकडे आहे, देखणा दिसतो, पण तो परदेशातल्या मापाच्या बॉक्ससाठी बनवलेला आणि आपल्या भिंतीत सहा-आठ मोड्यूलचे आडवे बॉक्स, तेव्हा आधी मापं घ्या. त्याला न्यूट्रल वायर लागते, पण आपल्याकडे बोर्डावर सॉकेट असतंच त्यामुळे न्यूट्रल बहुतेक वेळा तिथेच सापडते, फक्त जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. अलेक्साचा स्क्रीनवाला इको शो आवाजावर चालतो, भिंतीला भोकं नाहीत, पण त्याच्या स्क्रीनवर आपला डॅशबोर्ड हवा तसा मांडता येत नाही आणि अलेक्साशी हिंदी नाहीतर इंग्रजी बोलावं लागतं. आमच्या आईचं हिंदी ऐकून तर भाजीवालापण मराठीत उत्तर देतो. आयपॅड उत्तमच आहे, गाइडेड अॅक्सेस लावून एका अॅपमध्ये अडकवता येतो, पण तेवढ्या पैशात माझे तीन टॅब आले असते. आणि अख्खं घर स्मार्ट करून देणारे इंटिग्रेटरवाले जे भिंतीतले काचेचे पॅनल विकतात त्याचं कोटेशन मी एकदा मागवलं होतं. बायकोला अजून दाखवलेलं नाही.

डॅशबोर्डवर मी सुरुवातीला तापमानाचे आलेख वगैरे टाकले होते, कोणी ढुंकून बघितलं नाही. आता पहिल्या पानावर सहाच बटणं आहेत, देवनागरीत, ‘हॉल लाइट’, ‘आईचा पंखा’, ‘गीझर’ अशी, आणि खाली टाकी किती भरलीय ते. गीझरचं बटण वीस मिनिटांनी आपोआप बंद होतं, त्यावरून घरातली निम्मी भांडणं कमी झाली. गुरुवारी दुपारी लाइट जाते तेव्हा राउटर आणि रास्पबेरी पाय इन्व्हर्टरवर चालू राहतात, टॅबला स्वतःची बॅटरी आहेच, त्यामुळे पॅनल जिवंत दिसतं, फक्त गीझरला काही होत नाही आणि मावशींना ते समजावून सांगावं लागतं.

जुने स्विच मात्र काढू नका, हात जोडून सांगतो. टच स्क्रीनला कोरडं बोट लागतं. परवा आई कणिक मळत होती, अंधारून आलं, हॉलमध्ये येऊन तिने करंगळीने दोनदा टॅबवर टकटक केलं, कणकेचा ठिपका लागला, लाइट काही लागला नाही. मग सरळ कोपराने बोर्डावरचं बटण दाबलं आणि परत आत गेली. तो ठिपका मी रात्री नखाने काढला.

जागेचा घोळ राहिलाच. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, बोर्डाजवळ, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, टॅबला सगळ्यात चांगली जागा तीच. आणि तिथे कालनिर्णय होतं, वर्षानुवर्षं त्याच खिळ्यावर. पहिल्या दोन्ही वेळेला मी ते काढून फ्रिजला लावलं आणि दोन्ही वेळेला ते आठवड्यात परत आलं, टॅबच्या अर्ध्या स्क्रीनवर लोंबत. तिसऱ्या वेळी टॅबच फूटभर डावीकडे सरकवला. तरी मी आईला म्हटलं, अगं चतुर्थी, एकादशी, सगळं या टॅबवरच दाखवता येईल, बघ तर खरं. तिने नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाली, ‘ते ठीक आहे, पण दुधाचा खाडा कुठे लिहू?’