उंची कमी केलेल्या सी-१० पिकअपवर १५ इंची चाके : दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

शेवरोलेच्या १९६७ ते १९७२ या काळातील सी-१० पिकअप अमेरिकेत आजही हौसेने जपल्या जातात आणि त्यांतील बऱ्याच गाड्यांची उंची कमी केलेली असते. टेक्सासमध्ये मी वापरतो ती गाडी १९७२ ची, आखूड हौद्याची, म्हणजे ११५ इंच व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतराची) आहे. ती पुढून ४ इंच आणि मागून ६ इंच खाली आणलेली आहे. तिच्यावर आधीच्या मालकाने २० इंची चाके बसवली होती. ती उतरवून गेल्या दिवाळीच्या सुमारास मी १५ इंची पोलादी रॅली चाके घातली. पुढे ७ इंच रुंद रिमवर २३५/६०आर१५ आणि मागे ८ इंच रुंद रिमवर २७५/६०आर१५ असे पांढऱ्या उठावदार अक्षरांचे टायर आहेत. हिवाळा, वसंतातला पाऊस आणि आता टेक्सासचा कडक उन्हाळा या तिन्ही ऋतूंत गाडी नियमित चालवल्यावर हे लिहीत आहे.

अशा गाडीसाठी बहुतेक जण आधी रिमचे रूप पाहतात, मग तिचा व्यास ठरवतात आणि शेवटी उरलेल्या जागेत मावेल तो टायर घेतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. प्रथम टायरचा बाहेरचा व्यास ठरवावा, कारण स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासेल की नाही, वेगदर्शक किती चुकेल आणि गाडी जमिनीपासून किती वर राहील, हे सगळे त्या एका आकड्यावर अवलंबून असते. हिशेब सोपा आहे. २३५/६०आर१५ या मापात साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची २३५ मिलिमीटर रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १४१ मिलिमीटर असते. तिची दुप्पट आणि १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर मिळून ६६३ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २६ इंच व्यास होतो. मागच्या टायरचा व्यास याच रीतीने ७११ मिलिमीटर, म्हणजे २८ इंच येतो. पूर्वी पुढे २४५/४०आर२० होते, त्यांचा व्यास ७०४ मिलिमीटर होता. मागचे २७५/४०आर२० ७२८ मिलिमीटरचे होते. त्यामुळे स्प्रिंगला हात न लावताही गाडी पुढून आणखी सुमारे २० मिलिमीटर आणि मागून ८ ते ९ मिलिमीटर खाली आली. तिचा किंचित पुढे झुकलेला पवित्रा मला अतिशय आवडतो, पण हा फरक आधी कागदावर मांडूनच मी मागणी नोंदवली. मागच्या टायरचा व्यास घटल्यामुळे वेगदर्शक आता पूर्वीपेक्षा सुमारे अडीच टक्के जास्त वेग दाखवतो, एवढेही लक्षात ठेवावे.

नटांच्या मापाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. १९७० पर्यंतच्या सी-१० ला साडेपाच इंच वर्तुळावर सहा नट असत; १९७१ मध्ये पुढे डिस्क ब्रेक आले आणि दोन चाकांना जोर असलेल्या सी-१० ला ५ इंच वर्तुळावर पाच नट आले. शेवरोलेच्या त्या काळातील कॅमॅरो आणि शेवेल या मोटारींनाही पाच नट आहेत, मात्र त्यांचे वर्तुळ पावणेपाच इंचांचे आहे. डोळ्यांना हा पाव इंच दिसत नाही आणि जुन्या चाकांच्या जाहिरातींत तो पुष्कळदा लिहिलेलाही नसतो, म्हणून विकत घेण्यापूर्वी पट्टी लावून मोजावे. दुसरी अट ब्रेकची. पुढची डिस्क जवळपास १२ इंचांची असल्याने १४ इंची रिम बसत नाही, आणि ड्रम ब्रेकसाठी बनवलेल्या जुन्या १५ इंची रिमही कॅलिपरला, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या भागाला, अडकू शकतात.

खरी मेहनत बॅकस्पेसिंगमध्ये, म्हणजे रिमच्या आतल्या कडेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतच्या अंतरात आहे. माझ्या चारही चाकांचे बॅकस्पेसिंग ४ इंच आहे. सी-१० चा मागचा एक्सल दोन लांब ट्रेलिंग आर्म (एक्सलला पुढे चॅसिसशी जोडणारे दांडे) आणि कॉइल स्प्रिंगवर असतो, आणि तो बाजूला सरकू नये म्हणून चॅसिसपासून एक्सलपर्यंत एक तिरका दांडा असतो. हा दांडा कमानीत फिरतो, त्यामुळे गाडी खाली आणली की एक्सल एका बाजूला सरकतो. माझ्या गाडीत एका बाजूचे चाक दुसऱ्या बाजूच्या मानाने मडगार्डच्या कडेला स्पष्टपणे जवळ होते. अरुंद टायरवर हे खपून जाते; २७५ रुंदीच्या टायरला मात्र एका बाजूला मडगार्डची कड आणि दुसऱ्या बाजूला हौद्याची आतली भिंत जवळ येते. लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा बसवून आधी एक्सल मधोमध आणला, आणि त्यानंतरच मागच्या रिमचे माप घेतले. माप घेताना गाडी जॅकवर नसावी, चारही चाकांवर आणि नेहमीच्या वजनाने उभी असावी; जॅकवर एक्सल लोंबकळतो, दांड्याचा कोन बदलतो आणि घेतलेले माप निरुपयोगी ठरते.

आता चालवण्याविषयी. सर्वांत मोठा बदल बसणाऱ्याच्या पाठीला जाणवतो. २० इंची चाकांवर पुढच्या टायरची साइडवॉल ९८ मिलिमीटर होती, आता ती १४१ आहे. उंची कमी केल्यामुळे स्प्रिंगला हालचालीसाठी थोडीच जागा उरते, तेव्हा काँक्रीटच्या महामार्गावरील जोड आणि शहरातील खड्डे यांचा पहिला धक्का टायरलाच पचवावा लागतो, आणि हे काम उंच साइडवॉल फार चांगले करते. डॅशबोर्डची खडखड जवळजवळ थांबली आहे. याची किंमत वळणावर मोजावी लागते : स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिरा वळते आणि वेगात वळताना टायर बाजूला झुकल्याचे जाणवते. या मापांत मिळणारे बहुतेक टायर एस वेगश्रेणीचे, म्हणजे ताशी १८० किलोमीटर मर्यादेचे असतात. माझ्या वापराला ते पुरेसे आहेत; ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याने मात्र १७ किंवा १८ इंची रिमच घ्यावी, कारण चांगली पकड असलेले आधुनिक टायर आता त्याच मापांत जास्त मिळतात.

भारक्षमतेचा मुद्दा फारसे कोणी काढत नाही. प्रवासी मोटारीचा टायर पिकअपवर वापरताना त्याची क्षमता १.१ ने भागून धरावी, असा अमेरिकेतील नियम आहे. माझ्या मागच्या टायरचा भारांक १०७, म्हणजे ९७५ किलो आहे. भागाकारानंतर ८८६ किलो उरतात. पुढच्याचा ९८, म्हणजे ७५० किलो आहे. त्याचे ६८२ धरावे लागतात. या गाडीला हे आकडे पुरून उरतात, तरीही प्रत्येकाने आपल्या टायरसाठी हा भागाकार करावाच.

सुरक्षिततेची आणखी एक बाब उंच साइडवॉलमुळेच उद्भवते. टायरमधील हवा पूर्ण गेली तर गाडी रिमच्या कडेवर बसते, आणि त्या कडेखाली लोंबणारा कोणताही भाग थेट रस्त्यावर घासतो. साइडवॉल जितकी उंच, तितकी गाडी जास्त खाली बसणार. मी एका बाजूच्या रिमच्या खालच्या कडेपासून समोरच्या टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागापर्यंत दोरी ताणून पाहिली, तेव्हा सायलेन्सरचा पाइप त्या रेषेखाली येत होता. तो वर उचलून घेतल्यानंतरच गाडी महामार्गावर काढली. लहान रिमकडे वळणाऱ्याने ही तपासणी कधीही टाळू नये.

रॅली चाकांची एक अडचण पावसाळी दिवसांनंतर समोर आली. रिमच्या कडेवर दाबून बसवलेली चकचकीत रिंग चालताना हळूहळू फिरते आणि हवा भरण्याच्या व्हॉल्व्हला तिरके दाबू लागते. दुर्लक्ष केले तर व्हॉल्व्हचे रबर कापले जाऊ शकते. रिंगखाली पाणीही साचते आणि तिच्या पकडींनी रंग खरवडलेल्या जागी गंजाचे ठिपके येतात. आता टायरची हवा तपासताना मी प्रत्येक रिंगची जागा पाहतो आणि महिन्यातून एकदा रिंगा काढून आतील भाग कोरडा करतो.

नवी चाके बसवल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, नव्याने करणे अनिवार्य आहे. जुन्या नियमावलीतील कोन त्या काळच्या टायरसाठी ठरवलेले होते. आजच्या रेडियल टायरवर जास्त पॉझिटिव्ह कॅस्टर दिला, म्हणजे पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचे वरचे टोक जास्त मागे झुकवले, की गाडी महामार्गावर सरळ राहते आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मधोमध येते. काम करणाऱ्याकडून आधीच्या आणि नंतरच्या कोनांचा छापील कागद मागून घ्यावा. माझ्या गाडीत कॅस्टर वाढवल्यावर वाऱ्याने भरकटणे बरेच कमी झाले, आणि पुढच्या टायरची झीज आतापर्यंत आतून-बाहेरून सारखी आहे. हवेचा दाब मी थंड टायरमध्ये पुढे ३२ आणि मागे २८ पीएसआय ठेवतो, कारण रिकाम्या हौद्याचे वजन मागे फारच कमी असते. हौद्यात सामान भरायचे असेल तेव्हा मागचा दाबही ३२ करतो.