एलटीओ-८ टेप ड्राइव्ह : ८ महिने वापरल्यावर, नागपूरहून

सक्करदऱ्याला आमचा लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ आहे. मागच्या उन्हाळ्यात एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क अचानक बंद पडली आणि त्याच आठवड्यात एका ताईंचा फोन आला, की भाऊ, फिल्ममध्ये आजीची मंगलाष्टकं अर्धीच आहेत, पूर्ण रेकॉर्डिंग द्या ना. ते त्याच डिस्कवर होतं, दुसरी कॉपी नव्हती. त्यांना नाही म्हणताना फार वाईट वाटलं, तेव्हाच एलटीओ टेप, म्हणजे कॉम्प्युटरचा डेटा साठवायची कॅसेटसारखी चुंबकीय टेप, आणि ती लिहा-वाचायचं मशीन म्हणजे ड्राइव्ह घ्यायचं ठरवलं.

एका टेपवर १२ टीबी बसतं. डब्यावर ३० टीबी लिहिलेलं असतं ते कॉम्प्रेशन धरून, आणि व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस असतो म्हणून आपल्याला १२च धरून चालायचं. ड्राइव्ह महाग आहे पण टेप त्या मानाने स्वस्त पडते, आणि कपाटात पडून असलेल्या टेपला वीजही लागत नाही की व्हायरसही पोचत नाही. ड्राइव्ह जोडायला कॉम्प्युटरमध्ये सॅस नावाचं वेगळं कार्ड लागतं, म्हणजे नुसत्या लॅपटॉपवर भागत नाही, हे आधी विचारून घ्या. आणि कोणी एलटीओ-६ च्या जुन्या टेपा स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, हे आकडे टेपच्या पिढीचे असतात आणि एलटीओ-८ ड्राइव्ह फक्त ७ आणि ८ वाचतो.

खरा त्रास स्पीडचा झाला. हाफ हाइट (कमी उंचीचा) ड्राइव्ह सेकंदाला ३०० एमबीपर्यंत लिहितो पण मी सुरुवातीला नासवरून (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) साध्या गिगाबिट लॅनने डेटा देत होतो, तिकडून जेमतेम ११० येतो, मग टेप थांबायची, थोडी मागे जायची, परत पुढे, आतून सारखा खर्र-टक खर्र-टक आवाज. याने टेप आणि हेड दोन्ही झिजतात. आता आधी सगळं एसएसडी या वेगवान डिस्कवर घेतो आणि तिथून टेपवर सोडतो, आवाज एकसारखा येतो, रात्री लावलं की साधारण ११ तासांत टेप भरते. फोटोंच्या हजारो बारक्या फाइल मात्र तशाच टाकू नका, फार वेळ खातात, एका लग्नाची एक टार फाइल (सगळ्या फाइल एकत्र बांधलेली एकच फाइल) करून टाका.

एलटीएफएस या टेपच्या फाइल सिस्टिममुळे टेप पेनड्राइव्हसारखी उघडते हे खरंय, पण फाइल डिलीट केली तरी जागा मोकळी होत नाही, त्यासाठी अख्खी टेप फॉरमॅट करावी लागते.

आपल्या नागपुरात मे महिना म्हणजे ४५ डिग्री. टेप वर्षानुवर्षं ठेवायची तर १६ ते २५ डिग्री आणि २० ते ५० टक्के आर्द्रता हवी, म्हणून कूलरच्या खोलीत तर अजिबात ठेवू नका, तिथली हवा ओली असते. आमचा एक सेट एसीच्या एडिटिंग रूममध्ये आहे, दुसरा अमरावतीला मोठ्या भावाकडे, आणि तिकडून आणलेली टेप एक दिवस एडिटिंग रूममध्ये तशीच ठेवून, तिथल्या तापमानाला आली कीच ड्राइव्हमध्ये घालतो.

कुठल्या टेपवर कोणाचं लग्न आहे ते रजिस्टरमध्येही लिहितो, एक्सेलमध्येही, कारण नुसतं शोधायला प्रत्येक टेप लावत बसलो तर दिवस जाईल. दर महिन्याला एक टेप काढून एखादं लग्न परत कॉपी करतो आणि चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा) जुळवतो, आतापर्यंत ८ वेळा केलं, सगळे जुळले. गेल्या आठवड्यात रामटेकच्या एका काकांना हळदीचं रॉ फुटेज हवं होतं. टेप लावली, फाइलपर्यंत पोचायला मिनिटभर लागला, चहा येईपर्यंत त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये होतं.