बर्डीतली लॅन ड्रायव्हर सेवा: काम चोख, एक उणीव

नागपुरातल्या सीताबर्डीच्या गल्लीतलं हे छोटं दुकान लिनक्सवरचा लॅन ड्रायव्हर (तारेचं नेटवर्क चालवणारा प्रोग्रॅम) बदलून देतं, आणि नीट देतं. रिअलटेक कंपनीच्या ८१६८ या नेटवर्क चिपला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःचा आर८१६९ ड्रायव्हर लावतो. लिंक वारंवार तुटत असेल तरच कंपनीचा आर८१६८ घालावा. इथली पोरं आधी ‘ईथटूल -आय’ या कमांडने चालू ड्रायव्हर बघतात, मग कर्नल हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फायली) आणि डीकेएमएस (कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा बनवणारं साधन) टाकतात. आर८१६९ ब्लॅकलिस्ट केल्यावर, म्हणजे तो आपोआप लागणं बंद केल्यावर, इनिटरामएफएस (मशीन सुरू होताना आधी वाचली जाणारी फाइल) पुन्हा बनवायला विसरत नाहीत. बहुतेकांचं घोडं इथंच पेंड खातं: रीबूट केलं की जुनाच ड्रायव्हर पुन्हा चिपवर बसतो. उणीव एकच. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलवर, डिजिटल सही लागते, हे आधी सांगत नाहीत. ते बंद करायची वेळ आली तर म्हणून बायोसचा पासवर्ड सोबत न्या. पार्किंगचं मात्र विचारूच नका!