बडोद्यात दारात येऊन गाडीचे ओरखडे घालवणाऱ्यांपासून सावध राहा

दांडिया बाजारात आमच्या बोळात गाडी उभी करायची म्हणजे स्कूटरच्या हँडलचे ओरखडे ठरलेलेच. गणपतीच्या तोंडावर काका गाडी धूत होते, तेवढ्यात बाटली आणि बफिंग मशीन, म्हणजे पॉलिश घासायचं यंत्र, घेऊन एकजण आला. "काका, बे मिनिटमां गायब!" त्याने बॉनेटवर किल्लीने रेघ ओढली, दोन थेंब टाकून फडका मारला. रेघ गेली. काकांनी दोन हजार रोख मोजले.

ती रेघ ओरखडा नव्हतीच. पितळी किल्ली हलक्या हाताने फिरवली की तिचाच धातू रंगावर घासून बसतो, तो कुठल्याही पॉलिशने निघतो. खरे ओरखडे त्याने मेण आणि सिलिकॉनच्या तेलकट द्रवाने नुसते बुजवले. बोळातल्या सावलीत दारं लखलखत होती. शाम्पूने गाडी धुतली, आणि सगळे ओरखडे जिथल्या तिथे.

एवढ्यावर भागलं असतं तर हळहळ कमी झाली असती. दाराच्या कडेवर त्याने मशीन दाबून धरलं होतं. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे जेमतेम मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका, कडेला त्याहून पातळ. तिथे तो जळाला आणि पांढुरका चट्टा उमटला. तो पॉलिशने जात नाही, रंगच मारावा लागतो. मकरपुऱ्यातला पेंटर म्हणाला, आधी सिलिकॉन पुरतं काढावं लागेल, नाहीतर नव्या रंगात बारीक खड्डे पडतील. त्याची मजुरी वेगळी. निवृत्त माणसाच्या पैशावर असा हात मारलेला बघून फार संताप येतो.

घरीच करायचं असेल तर ओरखड्यावर आडवं नख फिरवा. नख अडकत नसेल आणि पाणी लावल्यावर ओरखडा दिसेनासा होत असेल, तर मायक्रोफायबर कापडाने, हलक्या हाताने रबिंग कंपाउंड (वरचा थर किंचित घासणारी पेस्ट) लावलं तरी पुरतं. नख अडकलं तर रंगाचा कोड जुळवून टच-अप पेन आणा. पत्रा दिसत असेल तर आधी प्रायमर, नाहीतर पावसाळ्यात गंज धरलाच म्हणून समजा.

आणि दारात कुणी आलाच, तर पैसे देण्याआधी पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा पुसायला लावा, म्हणजे वरचं मेण-तेल निघून खरा ओरखडा उघडा पडेल, मग गाडी उन्हात काढून तिरकं बघा. बिल मागा. बिल असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला काहीतरी हातात राहतं. या माणसाने दिलेला नंबर लागत नाही, आणि शेजारच्या मावशींनी त्याला परवा रावपुऱ्यात बघितलं.