इच्छापत्रातून रुग्णालयाला देणगी : एका देणगी कक्षाच्या सेवेचे परीक्षण

इच्छापत्राद्वारे देणगी स्वीकारणाऱ्या कार्यालयाचे काम देणगीदाराला शेवटपर्यंत पाहता येत नाही, कारण पैसे रुग्णालयाच्या खात्यात जमा होतात तेव्हा तो हयात नसतो. म्हणून अशा सेवेचे मोल ठरवताना ते कार्यालय आज काय समजावून सांगते, काय लेखी देते आणि कशाला स्पष्ट नकार देते, एवढ्यावरच विसंबावे लागते. माझ्या पतीने आणि मी आमच्या भागातील एका ना-नफा रुग्णालयासाठी आपापल्या इच्छापत्रांत तरतूद केली, तेव्हा तेथील देणगी कक्षाशी आमचा बराच संबंध आला. ही सेवा बहुतांशी उत्तम आहे, मात्र एका महत्त्वाच्या बाबतीत ती अपुरी पडते, असे माझे मत झाले आहे.

कक्षातील अधिकारी बाईंनी इच्छापत्राचा मसुदा स्वतः करून देण्यास पहिल्याच भेटीत नकार दिला आणि रुग्णालयाशी कोणताही संबंध नसलेला वकील गाठण्यास सांगितले. हा नकार मला फार आश्वासक वाटला. ज्या संस्थेला लाभ होणार आहे, तिच्याच माणसाने मसुदा केला किंवा साक्षीदार म्हणून सही केली, तर पुढे वारसांना दबावाचा आरोप करायला जागा मिळते. शिवाय वारसा कायदा सर्वत्र सारखा नसतो. फ्रान्समध्ये अपत्यांसाठी राखीव असलेला वाटा इच्छापत्राने डावलता येत नाही, तर इस्लामी वारसा कायद्यानुसार वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एकतृतीयांशाहून अधिक मालमत्ता अशी देता येत नाही. त्यामुळे रुग्णालयाने छापलेला एकच नमुना सर्वांना पुरेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. कक्षाने आम्हांला दिले ते एवढेच : संस्थेचे नोंदणीतील पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि अधिकृत पत्ता. लोकांच्या तोंडी असलेले रुग्णालयाचे नाव आणि कागदोपत्री असलेले विश्वस्त संस्थेचे नाव यांत पुष्कळदा फरक असतो आणि देणग्या अडकतात त्या अशाच ठिकाणी, म्हणून हा कागद मागून घेणे अत्यावश्यक आहे.

इच्छापत्रात रुग्णालयाचे नाव घातल्याने आम्हांला किंवा आमच्या नातेवाइकांना खाट, शस्त्रक्रियेची तारीख किंवा शुल्क यांत कोणतीही सवलत मिळणार नाही, हेही त्यांनी पत्रात लिहून दिले. असे पत्र प्रत्येक रुग्णालयाने द्यायला हवे.

सर्वाधिक चर्चा झाली ती देणगीच्या हेतूवर. माझ्या पतीची इच्छा होती की, त्यांचा पैसा केवळ डायलिसिस यंत्रांसाठीच वापरला जावा. अधिकारी बाईंनी ती इच्छा मोडून काढली नाही, परंतु तिचे परिणाम शांतपणे उलगडून दाखवले. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध १९४३ मध्ये लागला आणि त्यानंतरच्या औषधांमुळे क्षयरोग्यांची आरोग्यधामे हळूहळू ओस पडली. पोलिओची लस १९५५ मध्ये वापरात आली आणि श्वसनासाठी लागणाऱ्या ‘आयर्न लंग’ यंत्रांची गरज झपाट्याने घटली. त्याआधी कोणी आपली मालमत्ता केवळ या दोन गोष्टींसाठी बांधून ठेवली असती, तर हेतू संपल्यावर ती रक्कम अन्यत्र वापरण्यासाठी विश्वस्तांना अनेक देशांत न्यायालयाची किंवा धर्मादाय यंत्रणेची परवानगी घ्यावी लागली असती. लंडनमधील गाइज हॉस्पिटल पुस्तकविक्रेते टॉमस गाय यांच्या संपत्तीतून उभे राहिले आणि १७२५ मध्ये सुरू झाले. मुळात ते असाध्य ठरवून अन्य रुग्णालयातून घरी पाठवलेल्या रुग्णांसाठी होते, पण पुढे सर्वसाधारण रुग्णालय झाले. आमच्या वकिलांनी अखेर असे शब्द योजले की, रक्कम रुग्णालयाच्या सर्वसाधारण कार्यासाठी असावी, आणि शक्य असेल तोवर ती मूत्रपिंडविकाराच्या गरीब रुग्णांवर खर्च व्हावी, ही दात्याची इच्छा आहे. इच्छा नोंदली गेली आणि विश्वस्तांचे हातही मोकळे राहिले.

रकमेबाबतचा सल्लाही उपयुक्त होता. ठरावीक आकडा लिहिला आणि महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत राहिली, तर बारा वर्षांत त्या आकड्याचे मोल निम्म्यावर येते आणि चोवीस वर्षांत पाव भागावर. त्याऐवजी कर्ज, खर्च आणि घरच्यांसाठी लिहिलेल्या तरतुदी वजा जाता जे उरेल, त्याचा ठरावीक हिस्सा द्यावा, म्हणजे कुटुंबाचे नुकसान होत नाही आणि देणगीही मालमत्तेबरोबर वाढते किंवा घटते. आम्ही हाच मार्ग निवडला.

आता उणीव. यापूर्वी इच्छापत्रांतून आलेल्या रकमा कशावर खर्च झाल्या, असे मी विचारले असता मला इमारतींचे फोटो असलेली सुबक पुस्तिका मिळाली. हिशेब मिळाला नाही. वार्षिक अहवालात सर्व देणग्यांची एकच बेरीज दिलेली असते. त्यात इच्छापत्रातून किती आले, कायम निधीत किती गेले आणि त्या निधीच्या व्याजातून कोणते काम झाले, याचा पत्ता लागत नाही. अशा देणगीचे काम उभे राहण्यास फार काळ लागू शकतो, हे मला मान्य आहे. अमेरिकेतील व्यापारी जॉन्स हॉपकिन्स १८७३ मध्ये वारले आणि त्यांनी इच्छापत्राने ठेवलेल्या पैशातून झालेले बाल्टिमोर शहरातील रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. पण नेमक्या याच कारणासाठी हिशेब दरवर्षी जाहीर व्हायला हवा, कारण प्रश्न विचारणारा दाता मागे उरलेला नसतो आणि त्याच्या वारसांना माहिती मागण्याचा हक्क असेलच असे नाही. रुग्णालय बंद पडले किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झाले तर काय होईल, या प्रश्नावरही अधिकारी बाईंना तोंडी आश्वासनापलीकडे जाता आले नाही. त्यात त्यांचा दोष नाही. हे विश्वस्त मंडळाचे काम आहे आणि मी त्यांना तसे पत्र पाठवले आहे.

तोवर आम्ही दोघांनी आपापल्या इच्छापत्रात एक पर्यायी कलम घातले आहे : संस्था अस्तित्वात नसेल किंवा ना-नफा राहिली नसेल, तर हा हिस्सा त्याच परिसरात गरिबांवर उपचार करणाऱ्या अन्य धर्मादाय संस्थेला जावा आणि तिची निवड इच्छापत्राच्या व्यवस्थापकाने करावी. या कक्षाकडे जाणाऱ्या प्रत्येकाने हे कलम आपल्या वकिलाकडून अवश्य घालून घ्यावे, आणि सही करण्यापूर्वी मुलांना किंवा जवळच्या नातेवाइकांना त्याची पूर्ण कल्पना द्यावी.