फोन कोंडायचा टायमरवाला डब्बा, पाच महिने वापरून सांगतो

तीन स्टार देऊन राहिलो. दोन डब्ब्याचे आणि एक मोठीच्या बारावीचा. आईला विचाराल तर ती अर्धाही देणार नाही, का ते पुढे येतंच.

आधी वस्तू काय ते सांगतो, कारण माझ्या साल्याला फोटो पाठवला तर तो म्हणे लोणचं घालायला घेतलं का. पांढरा प्लास्टिकचा डब्बा, वर पारदर्शक झाकण, झाकणावर गोल बटण. बटण फिरवून टाइम लावायचा, मग दाबायचं, पाच सेकंद उलटी मोजणी होते, खट्ट आवाज येतो, आणि तो टाइम संपेपर्यंत झाकण उघडत नाही. चावी नाही, पासवर्ड नाही. एक मिनिटापासून दहा दिवसांपर्यंत लावता येतो (दहा दिवस कोण लावते देव जाणे). असे डब्बे अमेरिकेत आधी बिस्किटं-चॉकलेटं कोंडायला निघाले होते, फोन मागून आले. सेलमध्ये १,४९९ ला पडला. पेन्सिल सेल वेगळे घ्यावे लागले, ते बॉक्सवर लिहिलेलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल फोनमध्येच टायमर असतो, डब्बा काऊन घेतला? असतो ना भाऊ. २०१८ पासून अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग आहे, आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आहे. त्यातच १ जानेवारीला माझा आकडा पाहिला, दिवसाचे ५ तास ४० मिनिटं, आणि फोन उघडला ११२ वेळा. मी लगेच फेसबुकला अर्ध्या तासाची मर्यादा लावली. अर्धा तास संपला की ॲप बंद पडायचं, मग मी सेटिंगमध्ये जाऊन मर्यादाच काढून टाकायचो. कुलूप आपलं, चावी आपल्याच खिशात, तर ते कुलूप कशाचं?

आणि डोक्यात ते सांगलीकडचं मोहित्यांचे वडगाव होतं. तिथं १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास अख्खं गाव मोबाईल-टीव्ही बंद ठेवते. म्हटलं गाव करू शकते तर आपला नागपुरातल्या प्रतापनगरचा टूबीएचके का नाही करू शकत, सहा तर माणसं आहोत. भोंगा नव्हता, कुकर होता. कुकरची तिसरी शिट्टी झाली की सगळ्यांनी फोन डब्ब्यात टाकायचे, आठ ते साडेनऊ. असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

पहिला आठवडा छान गेला, खोटं नाही बोलत. दुसऱ्या आठवड्यात लहान्याचा फोन डब्ब्यात असूनही तो संडासात चाळीस मिनिटं बसून राहिला तेव्हा शंका आली. बायकोनं डब्बा उघडल्यावर पाहिलं तर आत त्याच्या कव्हरमध्ये माझा २०१९ चा बंद पडलेला फोन होता. आठवीतलं पोट्टं! राग यायच्या आधी मला त्याच्या डोक्याचं कौतुकच वाटलं. तर डब्बा घेणाऱ्यांना पहिली सूचना ही की फोन आत टाकताना स्क्रीन चालू करून पाहा.

लहान्याचं व्यसन शॉर्ट्सचं, म्हणजे यूट्यूबवरच्या त्या छोट्या व्हिडिओंचं. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा आम्ही घरात म्हटलं होतं चला सुटलो. महिनाभरात रील्स आले, सप्टेंबरमध्ये शॉर्ट्स आले, आणि त्या वर्षी शाळाही फोनवरच भरत होती, मग काय सुटता. त्याला विचारा आत्ता काय पाहिलं रे, तर त्याला सांगता येत नाही. खरंच येत नाही. एक कुत्रं, एक कोणी तरी केक कापून राहिला, एक क्रिकेटचं. हे जे खाली सरकवत जायचं आणि तळच लागत नाही, ते अझा रास्किन नावाच्या माणसानं २००६ मध्ये काढलं, आधी पान संपायचं आणि पुढचं पान असं बटण दाबावं लागायचं. पुढे त्यालाच त्याचा पस्तावा झाला, तसं तो जाहीर बोललाही आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर पोहेवाल्याकडे उभं राहून आपण प्लेट खाऊन राहिलो आणि तो न विचारता वरून तर्री आणि पोहे टाकतच चालला, प्लेटचा तळ दिसला तर माणूस म्हणेल ना बास म्हणून.

मोठीचं वेगळं. तिला व्हिडिओ पाहण्यात रस नाही, तिची स्नॅपचॅटवर मैत्रिणीशी ४१२ दिवसांची स्ट्रीक. म्हणजे दोघींनी चोवीस तासांत एकमेकींना एक तरी फोटो पाठवायचा, नाही पाठवला तर आकडा शून्य. फोटो कशाचा, तर भिंतीचा. पंख्याचा. अर्ध्या कपाळाचा. मी म्हटलं हे काय भैताडपणा, तर म्हणे पप्पा तुम्ही आजीला विचारा ती रोज सकाळी गुलाबाचं फूल कशाला पाठवते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं काय केलं असेल, मैत्रिणीला आपला पासवर्डच देऊन टाकला, की डब्ब्यात फोन असला तर तूच माझ्याकडून तुला पाठव. आता यात दोस्ती कुठे राहिली मला कळलं नाही, पण आकडा राहिला.

पण तिचंच पुढे ऐका. फेब्रुवारीत बारावीचे पेपर तोंडावर आले आणि एक दिवस ती स्वतः येऊन डब्बा आपल्या खोलीत घेऊन गेली. स्वतः बटण फिरवायची, कधी तीन तास, कधी पाच. मी आत डोकावून पाहिलं तर डब्बा टेबलावर पण नाही, कपाटात वर, कपड्यांच्या मागे. म्हणे समोर असला की त्याच्याकडेच लक्ष जाते. मी तिला एकदाही सांगितलं नाही. कुकरच्या शिट्टीवर जो डब्बा घरात भांडणं लावत होता तोच तिच्या खोलीत दोन महिने चूपचाप काम करून राहिला, कारण बटण तिचं होतं. हा तिसरा स्टार त्याचा.

आता आई. आई अडुसष्टची, गुडघ्यामुळे जिना उतरत नाही, आम्ही दुसऱ्या माळ्यावर आणि लिफ्ट नाही. तिचं सगळं जग त्या फोनमध्ये: भजनी मंडळाचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, महाल भागातल्या जुन्या वाड्यातल्या बायकांचा ग्रुप. दिवसाला चार तास तिचेही होतात, पण ती पाहते कमी आणि पाठवते जास्त. तिची मोठी तक्रार व्हॉट्सॲपवर आहे. २०१८ मध्ये आपल्याकडे एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवायची मर्यादा आली तेव्हापासून ती पाच-पाच करून सगळ्यांना पाठवते, बसल्या बसल्या, तांदूळ निवडावे तसं. आणि डबल बाणवाला, म्हणजे आधीच खूपदा पुढे गेलेला, मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच जागी जातो, त्यावर ती म्हणते, "हा एकालेच काऊन जाऊन राहिला, फोन बिघडला वाटते." मी समजावलं की आई, अफवा पसरू नये म्हणून आहे ते, तर म्हणे, मी विठ्ठलाचा फोटो पाठवून राहिली, त्याची कसली अफवा?

तर जानेवारीतला एक दिवस. फोन डब्ब्यात, सव्वाआठ झाले असतील, टायमरवर सव्वा तास बाकी. डब्बा थरथरायला लागला. झाकणातून दिसलं, आईचा फोन, ताईचा व्हिडिओ कॉल. ताई पुण्याला असते, तिच्या नातवाला, म्हणजे आईच्या पणतूला, त्या दिवशी पहिल्यांदा उभं राहता आलं होतं हे मागून कळलं. आई डब्ब्यासमोर खुर्ची ओढून बसली. झाकणावर एक बोट ठेवलं, हिरव्या बटणावर ठेवावं तसं. रिंग संपली. परत आली. परत संपली. ती काही बोलली नाही, मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या फोनवरून लावावा म्हटलं तर माझाही आतच. शेवटी खालच्या काकूंच्या फोनवरून लावला, तोवर पोट्टं झोपलं होतं. त्या दिवसापासून आईचा फोन डब्ब्याच्या बाहेर. व्यसन-बिसन सगळं ठीक आहे, पण जिना न उतरणाऱ्या माणसाचा फोन कोंडणे म्हणजे दार बाहेरून लावून घेणे आहे, आणि हे मला वस्तूच्या माहितीपत्रकात कोणी सांगितलं नव्हतं.

बायकोचं थोडक्यात. ती शाळेत शिकवते, तिच्या फोनवर शाळेचे नऊ ग्रुप. रात्री दहाला वरून मेसेज येतो, उद्या अमुक माहिती भरून आणा, आणि चाळीस जणी खाली "नोटेड मॅडम". यात मला व्यसन दिसत नाही, ही बिनपगारी ओव्हरटाइम आहे, आणि त्याला डब्बा पुरत नाही. हां, अकरानंतर साड्यांचं लाइव्ह लागते, "ताई आवडली तर स्क्रीनशॉट काढा पटकन", ते मात्र व्यसन. याच्यावर जास्त लिहिलं तर मीच डब्ब्यात जाईन.

माझं सांगतो. मी फोन टाकायचो आणि दहा मिनिटांनी लॅपटॉप उघडायचो, ऑफिसचं काम म्हणून, आणि वेबवर फेसबुक. वेगळा विदर्भ या विषयावर मुंबईतल्या एका अनोळखी माणसाशी मी सलग तीन रात्री भांडलो. काही निष्पन्न झालं नाही. पण डब्ब्यानं एक दाखवलं, फोन आत असताना माझा हात दर पाच-सात मिनिटांनी खिशाकडे जातो. काम नाही, रिंग नाही, हात आपला जातो. २०१६ मध्ये जिओ फुकट मिळालं तेव्हापासून हा हात असा झाला असावा, त्याआधी महिन्याला एक जीबी पुरवून वापरणारे आपणच होतो, आठवा.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, गॅसची. शनिवार सकाळ, मी जोशात दोन तास लावले. वीस मिनिटांनी सिलेंडरवाला भाऊ दारात, टाकी खांद्यावर, "साहेब, कोड सांगा." कोड माझ्या फोनवर, फोन डब्ब्यात, आणि फोन पालथा. आम्ही डब्बा हलवला. उलटा केला. लहान्यानं कॅरम हलवावा तसा हलवला. शेवटी फोन उताणा पडला तर स्क्रीन काळी. बायकोनं शेजारच्यांच्या फोनवरून मला मिस कॉल दिला, स्क्रीन लागली, मेसेज आलेला दिसला, आतला कोड दिसला नाही, कारण लॉक स्क्रीनवर मेसेज दिसू नये ही सेटिंग मीच केलेली. तो भाऊ तोवर जिन्यावर टाकीवर बसून रील्स पाहून राहिला होता. जाताना म्हणे, "काका, तिजोरी चांगली आहे." टाकी सोमवारी आली. तर ओटीपीवर चालणाऱ्या घरात एक फोन बाहेर ठेवावाच लागते, आणि एक बाहेर राहिला की सगळे त्या एकाभोवती जमतात, तो वेगळाच तमाशा.

दुसरी, गरमी. डब्ब्याला मागून चार्जरच्या वायरीपुरती भेग आहे, हवा जायला काही नाही. जानेवारीत चालते. आत्ता नवतपा (मेअखेरचे ते तापते नऊ दिवस) सुरू आहे, पारा पंचेचाळीसच्या आसपास, कूलर नुसती दमट हवा फेकून राहिला, अशात बंद डब्ब्यात चार्जिंगला लावलेला माझा फोन तापून त्यावर इशारा आला आणि टायमरवर पन्नास मिनिटं बाकी. वायर उपसली आणि डब्बा कूलरसमोर धरून बसलो. नागपूर-चंद्रपूर-अकोल्याच्या लोकांनी उन्हाळ्यात आत चार्जिंग करू नका.

तिसरी, सेल दीड महिन्यात उतरतात, आणि सेल उतरले तर डब्बा कुलूपबंदच राहतो, नवीन सेल टाकल्यावर पुढचं मोजतो. तातडीनं उघडायचं कसं म्हणून विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, तोडा.

आमच्या बिल्डिंगचा वॉचमन डब्बा पाहायला आला होता. रात्री दहा ते सकाळी सहा तो एकटा गेटवर, रात्रभर रील्स चालू. मी गमतीनं म्हटलं घेऊन जा एक दिवस. म्हणे, "साहेब, मग झोप लागते अन नोकरी जाते." त्याचे आठ तास आणि लहान्याचे आठ तास एकाच आकड्यात कसे मोजायचे?

एक गंभीर गोष्ट, ज्यांच्या घरात पोट्ट्याची झोप-जेवण-शाळा फोनपायी सुटली असेल किंवा फोन घेतला की ते अंगावर धावून येत असेल त्यांनी हा डब्बा घेऊ नये, डॉक्टर गाठावा. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून याच्यासाठी वेगळं क्लिनिक आहे, आणि सरकारचा टेलिमानस हा मानसिक आरोग्याचा मदत नंबर १४४१६ आहे. तो लावायला फोन लागते, तो कोंडून बसू नका.

सध्या डब्बा कोणाकडे आहे? आईकडे. बाबा दिवसाला चार खर्रे (तंबाखू-सुपारीच्या पुड्या) खातात, पानठेल्यावरून एकदम बांधून आणतात, डॉक्टर ओरडून थकले. मागच्या आठवड्यात आईनं डब्ब्याची माहिती लहान्याकडून नीट शिकून घेतली आणि चारही पुड्या आत टाकून तीन तास लावले. बाबा दिवाणावर बसून झाकणातून पुड्या पाहून राहिले होते. "अजून किती आहे गं?" "एक तास चाळीस." त्यांनी सुस्कारा सोडला, चष्मा लावला, आणि उशीखालून फोन काढून फुल्ल आवाजात यूट्यूबवर बातम्या लावल्या.