आकडा हलत होता, सेन्सर मात्र रिकामा होता

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेल रंगवण्याचा लहानसा कारखाना आहे. रंगाईला लागणारी वाफ एका बॉयलरवर अवलंबून असल्याने त्याचा आयडी फॅन, म्हणजे भट्टीतील धूर ओढून धुराड्याकडे लोटणारा पंखा, बंद पडला की सारे खाते ठप्प होते. म्हणूनच पंखे आणि पंप यांच्या बेअरिंगचे तापमान व कंपन सतत मोजून बिघाडाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा बसवून देतो, असे सांगत एक पुरवठादार आला तेव्हा मला ती खरोखरच गरजेची वाटली. गरजही खरी होती आणि तंत्रही खरे आहे. खोटा निघाला तो माल.

आठ ठिकाणचे सेन्सर, एक पीएलसी पॅनेल (सेन्सरचे सिग्नल वाचणाऱ्या औद्योगिक संगणकाची पेटी) आणि भिंतीवरचा रंगीत पडदा, या सगळ्याची किंमत 4,80,000 रुपये आणि त्यावर जीएसटी धरून 5,66,400 रुपये ठरली. तीन लाख आगाऊ दिले आणि उरलेली रक्कम यंत्रणा सुरू झाली त्याच संध्याकाळी दिली. पडद्यावर प्रत्येक मोटरचे चित्र, हिरवे दिवे आणि दर दोन सेकंदांनी किंचित बदलणारे आकडे होते. आयडी फॅनचे कंपन सेकंदाला 1.4 ते 1.8 मिलिमीटर आणि बेअरिंगचे तापमान 38 ते 39 अंश दिसे. आमची मोटर 22 किलोवॅटची आहे. आयएसओ 10816 या मानकाच्या कोष्टकात 15 ते 75 किलोवॅट गटातील यंत्रांसाठी 2.8 पर्यंतचे कंपन चालण्याजोगे आणि 7.1 च्या पुढचे धोक्याचे मानले आहे. हे कोष्टक पुरवठादारानेच मला समजावून सांगितले होते आणि ते अगदी बरोबर होते, हे विशेष.

मे महिन्यात एका दुपारी बॉयलरजवळ टांगलेला साधा तापमापक 43 अंश दाखवत होता आणि पडद्यावर मात्र चालू पंख्याचे बेअरिंग 38.6 अंशांवर होते. पत्र्याच्या शेडमध्ये अखंड फिरणारे बेअरिंग भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहूच शकत नाही, हे कळायला अभियंता असावे लागत नाही. ते माझ्या डोळ्यांनी पाहिले, पण बुद्धीपर्यंत पोहोचले नाही. त्यानंतर आठवडाभराने आमचे जुने बॉयलर अटेंडंट म्हणाले, "मालक, फॅनचा आवाज बदललाय, एकदा प्लमर ब्लॉक उघडून बघू या." प्लमर ब्लॉक म्हणजे बेअरिंग बसवलेली लोखंडी बैठक. मी त्यांना पडदा दाखवला. कंपन 1.6 आणि दिवा हिरवा. या प्रकरणात पैशांपेक्षा हे उत्तर मला जास्त टोचते, कारण पंचवीस वर्षे ऐकत आलेल्या कानापेक्षा मी एका पडद्यावर अधिक विश्वास ठेवला.

तिसऱ्या दिवशी बेअरिंग जाम झाले, शाफ्ट खरवडला गेला, वाफ थांबली आणि मशीनमध्ये असलेल्या लॉटची रंगछटा बिघडली. कारखाना तीन दिवस बंद राहिला. फसवणूक उघडी पडली ती त्याच बंद काळात, कारण सगळी यंत्रे थांबलेली असताना आणि आयडी फॅनची मोटर तर काढून जमिनीवर ठेवलेली असताना पडद्यावर तिचे कंपन 1.5, 1.7, 1.6 असे मजेत हलत होते.

ओळखीच्या एका इन्स्ट्रुमेंटेशन डिप्लोमाधारक मुलाला बोलावले. त्याने प्रथम कंपन सेन्सरची तार पॅनेलमधून ओढून काढली. असे सेन्सर 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल देतात आणि मोजणीचे शून्य 4 वर ठेवण्यामागचे एक कारण हेच की, तार तुटल्यास प्रवाह खरोखर शून्य होऊन बिघाड लगेच कळावा. आमच्या पडद्यावर काहीही बदलले नाही. मग त्याने तापमानाचा पीटी-100 सेन्सर उकळत्या पाण्यात धरून त्याचा रोध मोजला. हा सेन्सर 0 अंशांना 100 ओहम आणि 100 अंशांना सुमारे 138.5 ओहम दाखवतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच असल्याने येथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते, म्हणजे मीटरवर 138 च्या जवळचा आकडा यायला हवा होता. तो आला 115. थंड पाण्यातही 115 आणि हाताच्या मुठीतही 115. नळी कापली तेव्हा आत एक साधा, कायम एकच रोध दाखवणारा रेझिस्टर निघाला, कोणी मीटर लावलाच तर तोंडदेखले काही दिसावे म्हणून घातलेला. कंपन सेन्सरच्या डब्यांत नुसते रेझिन ओतलेले होते. पडद्यावरचे आकडे पीएलसीतील प्रोग्राम स्वतःच तयार करत होता आणि त्या प्रोग्रामला पासवर्ड होता.

कागदपत्रे नंतर तपासली, जी खरे तर आधी तपासायची असतात. आठही कॅलिब्रेशन प्रमाणपत्रांतील (सेन्सर अचूक मोजतो हे तपासल्याचे दाखले) वाचने दशांशापर्यंत सारखी होती आणि मापनातील अनिश्चितता कुठेच नोंदवलेली नव्हती. त्यांवर छापलेला एनएबीएलचा, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा, मान्यता क्रमांक अस्तित्वात होता, पण त्या प्रयोगशाळेला कंपनमापनाची मान्यताच नव्हती; कोणत्या प्रयोगशाळेला कशाची मान्यता आहे, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. बिलही आमच्या जीएसटीआर-2बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या पत्रकात, कधी उमटले नाही, त्यामुळे 86,400 रुपयांच्या जीएसटीची वजावट (क्रेडिट) गेली. आमच्या लेखापालांनी ते पुढच्याच महिन्यात निदर्शनास आणले होते आणि "भरेल सावकाश" असे म्हणून मी विषय सोडून दिला होता.

आता नवी यंत्रणा घेताना मी करारात एवढेच लिहून घेतले आहे की, शेवटचे चाळीस टक्के पैसे देण्यापूर्वी आमचा माणूस प्रत्येक यंत्र थांबवून पाहील, प्रत्येक तार काढून पाहील आणि तापमानाचा प्रत्येक सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवून पाहील, तसेच प्रोग्रामची प्रत पासवर्डसह आमच्या ताब्यात राहील. दोन पुरवठादारांनी ही अट ऐकून पुन्हा फोन केला नाही. तिसऱ्याने स्वतःच किटली मागवली.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली पोलिसांत तक्रार दिली आहे. पुरवठादाराचा फोन बंद आहे. तपास पूर्ण होईपर्यंत पॅनेलला हात लावू नये असे सांगितले असल्याने ते अजून भिंतीवरच आहे.